फोर्कलिफ्टची बकेट : निवड, वजनाचा हिशेब व काळजी

शेतमालाची साठवण व प्रक्रिया करणाऱ्या संस्था गावोगावी उभ्या राहत असून त्यांच्या गोदामांत फोर्कलिफ्ट हे यंत्र दिसू लागले आहे. पोती रचलेल्या फळ्या काट्यांवर उचलून थप्पी लावणे हे त्याचे मूळ काम होय. परंतु सोयाबीन, सरकी, पेंड, युरिया असा सुटा माल काट्यांवर राहत नाही. त्यासाठी काट्यांवर बकेट बसवितात. योग्य हिशेबाने वापरल्यास बकेट पुष्कळ श्रम वाचविते. हिशेब न केल्यास तीच यंत्र उलटविते व चालकाच्या जिवावर बेतते. म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

बकेटचे प्रकार

पहिला प्रकार साधा आहे. बकेटच्या तळाशी दोन चौकोनी खोबण्या असतात. त्यांत काटे शिरवून मागे पिन किंवा साखळीने बकेट घट्ट बांधावी लागते. दोर ओढून खिट्टी सोडली की बकेट स्वतःच्या भाराने पुढे कलते व माल पडतो. ही स्वस्त असते. परंतु माल एकदम पडतो, थोडाथोडा सोडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात बकेट हायड्रॉलिक नळकांड्याने कलते. चालक बसल्या जागेवरून ती भरतो व हवा तेवढा माल ओततो. यासाठी यंत्रावर तेलाची जादा वाट असावी लागते. ती आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे.

मापात व वजनात फरक

बकेट मालाचे घनफळ मोजते, यंत्र मात्र वजन सोसते. सर्व अपघातांचे मूळ हा फरक विसरण्यात आहे. एक घनमीटर सोयाबीनचे वजन सुमारे ७४० किलो भरते, युरियाचे जवळपास तितकेच, तर ओल्या वाळूचे सुमारे १,९०० किलो. बकेट तीच, भरलेली दिसतेही तशीच. परंतु भार अडीच पटींहून अधिक होतो.

आता यंत्राकडे पाहू. जड दगड पहारीने उचलताना खाली टेकू देतात, तसा फोर्कलिफ्टचा टेकू म्हणजे पुढची चाके. पुढे माल व मागे यंत्राचे वजन अशी ही तोलणी असते. माल टेकूपासून जितका दूर, तितका तो जड पडतो. यंत्रावरील पट्टीवर “२,५०० किलो, ५०० मिलिमीटर” असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ असा की, मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच २,५०० किलो उचलावे.

उदाहरण घेऊ. पुढच्या आसापासून काट्यांच्या मुळापर्यंत ४५० मिलिमीटर अंतर आहे असे मानू. म्हणजे यंत्राची ताकद २,५०० × ९५० = २३,७५,००० इतकी झाली. बकेटचे स्वतःचे वजन ३५० किलो व तिचा मध्य ५०० मिलिमीटरवर धरल्यास ३५० × ९५० = ३,३२,५०० इतकी ताकद रिकाम्या बकेटीतच खर्च होते. उरली २०,४२,५००. बकेटमधील मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून ७५० मिलिमीटरवर, म्हणजे आसापासून १,२०० मिलिमीटरवर येत असेल, तर २०,४२,५०० ÷ १,२०० = सुमारे १,७०० किलो माल उचलता येईल. पट्टीवरील आकडा २,५०० आहे, तरी खरी मर्यादा १,७०० आहे. एक घनमीटर सोयाबीन या मर्यादेत सहज बसते; ओली वाळू बसत नाही. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष आकडे आपल्या यंत्राचे व बकेटचे घ्यावेत.

मालाचे वजन काढण्याची सोपी रीत

तेलाचा रिकामा डबा घ्यावा. त्यात किती लिटर पाणी मावते ते मोजावे. डबा कोरडा करून मालाने काठोकाठ भरावा व डब्याचे वजन वगळून मालाचे वजन घ्यावे. १,००० ला लिटरच्या आकड्याने भागून त्या वजनाने गुणावे. एका घनमीटरचे वजन निघते. १५ लिटरच्या डब्यात ११ किलो सोयाबीन मावले, तर घनमीटरचे वजन सुमारे ७३३ किलो होईल. बकेटवर रास चढत असेल तर तिचाही हिशेब धरावा. पावसात भिजलेला माल पुन्हा मोजावा.

शहागड परिसरात वापर कोठे करावा

अंबड तालुक्यातील शहागड गोदावरीच्या काठी, धुळे–सोलापूर रस्त्यावर आहे. कापूस, ऊस, सोयाबीन, तूर व मोसंबी ही या भागातील पिके होत. येथील काळी जमीन पाणी पिताच मऊ होते. फोर्कलिफ्टची चाके लहान व पोट जमिनीलगत असल्याने ती अशा जमिनीत रुतते व कलते. म्हणून तिचा वापर गोदामात व काँक्रीटच्या अंगणातच करावा. बकेट सैल ढीग भरण्यासाठी आहे, जमीन उकरण्यासाठी नव्हे. उकरताना बसणारा धक्का उभ्या सांगाड्याला सोसत नाही. शेणखत भरणे, तलावातील गाळ काढणे, वाळू उचलणे ही कामे ट्रॅक्टरच्या लोडरची किंवा बॅकहो लोडरची आहेत.

बनविणाऱ्या कंपन्या

मुंबईत विक्रोळी येथील गोदरेज अँड बॉइस कंपनी १९६० च्या दशकापासून फोर्कलिफ्ट बनवीत आली आहे. व्होल्टासचा हा व्यवसाय २०११ मध्ये जर्मनीच्या किऑन समूहाबरोबरच्या भागीदारीत गेला. केवळ जोडअवजारांसाठी नावाजलेल्या कंपन्यांत अमेरिकेतील कॅस्केड (१९४३) व जर्मनीतील काउप (१९६२) या आहेत. १९४५ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या जेसीबीने १९७७ मध्ये लांब हाताचे ‘लोडऑल’ यंत्र आणले. काटे व बकेट दोन्ही वापरता येतील अशीच त्याची रचना असून, ते कच्च्या जमिनीवरही चालते.

जवळच्या वर्कशॉपमधून बकेट करून घेण्यास हरकत नाही. मात्र तिचे वजन, घनफळ व रिकाम्या बकेटचा मध्य लेखी घ्यावा. नंतर हे आकडे फोर्कलिफ्ट बनविणाऱ्या कंपनीला कळवून बकेटसह उचलावयाच्या वजनाची नवी पट्टी मागावी व ती यंत्रावर लावावी. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार यंत्राच्या क्षमतेवर परिणाम करणाऱ्या अशा बदलास बनविणाऱ्या कंपनीची लेखी संमती लागते. आपणही तोच शिरस्ता ठेवावा.

चालकाने पाळावयाचे नियम

१. काम सुरू करण्यापूर्वी पिन, साखळी व खिट्टी तपासावी.
२. भरलेली बकेट जमिनीपासून वीतभरच उंच ठेवून, सांगाडा मागे कलवून न्यावी. उंच धरून वळू नये.
३. उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूस असावी.
४. समोरचे दिसत नसल्यास मागे पाहत यंत्र उलटे चालवावे.
५. बकेटमध्ये माणूस उभा करू नये. वर उचललेल्या बकेटखाली कोणी जाऊ नये.
६. आसनाचा पट्टा बांधावा. यंत्र कलंडू लागल्यास उडी मारू नये. उडी मारणारा यंत्राखाली सापडतो. सुकाणू घट्ट धरून पडत्या बाजूच्या उलट दिशेस झुकावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील गोदामास भेट देऊन डब्याने वजन काढण्याची रीत चालक व हमाल यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक मालासाठी बकेट कोठपर्यंत भरावी याची खूण बकेटच्या आतील बाजूस रंगाने करून घ्यावी. अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही ती रेघ वाचता येईल.