स्थावर झाड, जंगम झाड

वाणिज्य शाखेत आपण मालमत्तेचे दोन प्रकार शिकतो : स्थावर आणि जंगम. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीत मूळ धरलेले झाड ‘जमिनीला जोडलेले’ ठरते. कुंडीतले झाड मात्र जंगम. आमच्यासारख्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. करारात वेगळे ठरले नसेल, तर ताबा असेपर्यंत भाडेकरूला आपण लावलेले झाड नेता येते, असे त्याच कायद्याचे १०८ वे कलम सांगते. पण मोठे लिंबू उपटल्यावर ते जगेलच, याची हमी कायदा देत नाही. म्हणून आमचे कागदी लिंबू कापडी कुंडीत आहे.

कापड का? मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीत मूळ भिंतीला लागले की गोल फिरू लागते व पुढे मुळांचा वेढा पडतो. कापडातून हवा खेळते. काठाशी आलेले मुळाचे टोक सुकते आणि मागून नवी उपमुळे फुटतात. त्यामुळे जागा बदलली तरी झाडाला फारसा धक्का बसत नाही. गोणी हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच, वस्तूही घरोघरी. पण तागाची गोणी ओलीने लवकर कुजते. पॉलीप्रोपिलीनचे जाड कापड अधिक टिकते, तरी उन्हाने तेही जीर्ण होते.

आता हिशेब. ४० सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कुंडीत सुमारे ५० लिटर माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलो धरले, तर ७५ किलो होतात. भारतीय मानक ८७५ मध्ये वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरला आहे. म्हणजे चौरस मीटरला अशा दोनच कुंड्या, आणि त्याही शक्यतो भिंतीच्या किंवा तुळईच्या वर. शेणखत व नारळाचा भुसा मिसळला की वजन उतरते.

हलविण्याची रीत अशी :

१. आदल्या दिवशी पाणी देऊ नये. माती अगदी कोरडीही नसावी. कोरडा गोळा फुटतो व मुळे तुटतात.

२. खोड धरून ओढू नये. एकाने कुंडी किंचित कलती करावी, दुसऱ्याने खाली फळी सरकवावी.

३. फळीखाली पाइपचे तीन तुकडे घालून ती ढकलावी. मागचा मोकळा झालेला तुकडा पुढे ठेवीत जावे.

४. जिना असेल तर चौघांनी फळीसकट उचलावी.

कुंडी नेहमी विटांवर ठेवावी. मातीवर ठेवल्यास मुळे कापडातून जमिनीत शिरतात आणि हलविताना तुटतात. उन्हाळ्यात कापड लवकर सुकते, म्हणून दोन वेळा पाणी लागते. आपल्या बेळगावच्या पावसात पाणी साचत नाही, पण खत वाहून जाते. ते पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावे.

भाडेकरूंनी एवढे ध्यानात ठेवावे, की विटा काढल्या आणि मूळ जमिनीत गेले, की आपले जंगम झाड हळूहळू स्थावर होऊ लागते.