पिल्लाचे पोट बिघडले तर

(घरात मांजराचे पिल्लू आले की सर्वांना आनंद होतो, पण त्याची काळजी कशी घ्यावी हे सर्वांना ठाऊक नसते. प्रस्तुत पाठात पिल्लाच्या पोटाच्या तक्रारीची कारणे आणि त्यावरचे उपाय सांगितले आहेत.)

मुलांनो, मांजर कोणाला आवडत नाही? ‘हुरैरा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. अरबी भाषेत त्याचा अर्थ लहानशी मांजर. हजरत अबू हुरैरा यांचे हे नाव मांजरीच्या पिल्लावरूनच पडले. माणसाचे आणि मांजराचे नाते असे फार जुने आहे.

आता समजा, आज तुमच्या घरी सात-आठ आठवड्यांचे एक पिल्लू आले. तुम्ही प्रथम काय कराल? बहुतेक मुले बशीभर दूध आणून त्याच्यापुढे ठेवतात. पिल्लू बशी चाटूनपुसून साफ करते. तुम्हाला आनंद होतो. पण दुसऱ्या दिवशी पाहावे तर पिल्लाला जुलाब होत आहेत! असे का झाले?

दुधात एक प्रकारची साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात ही साखर पचवणारा पाचक पदार्थ भरपूर असतो. पिल्लाचे दूध सुटू लागले की तो कमी होत जातो. मग गाईम्हशीचे दूध त्याला नीट पचत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पोटात वायू होतो आणि जुलाब लागतात. म्हणून पिल्लापुढे दुधाऐवजी स्वच्छ पाण्याची वाटी ठेवा.

दूध हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे खाण्यातील अचानक बदल. पिल्लू आणताना ते आधी काय खात होते, हे जरूर विचारा. पहिले काही दिवस तेच द्या. नवे अन्न द्यायचे असेल तर जुन्यात थोडे थोडे मिसळा आणि साधारण एका आठवड्यात पूर्ण बदल करा. आपल्या ताटातील बिर्याणीचा किंवा सालनाचा तुकडा मात्र देऊ नका. त्यातील तिखट-मीठ पिल्लाला सोसत नाही. कांदा आणि लसूण तर मांजराला विषासारखे आहेत. त्यांच्यामुळे त्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट होतात.

तिसरे कारण जंत. पुष्कळ पिल्लांच्या पोटात आईच्या दुधातूनच जंत जातात. अशा पिल्लाचे पोट फुगलेले दिसते आणि अंग मात्र वाढत नाही. डॉक्टर पिल्लाचे वजन पाहून जंतांचे औषध देतात आणि काही दिवसांनी पुन्हा देतात. चौथे कारण भीती. आई सुटली, घर बदलले, सगळे जण उचलून घेऊ लागले की पिल्लू घाबरते आणि त्याचे पोट बिघडते. त्याला पहिले दोन-तीन दिवस एका शांत कोपऱ्यात राहू द्या. पाचवे कारण सर्वांत गंभीर आहे. ते म्हणजे विषाणूंमुळे होणारा रोग. त्यात ताप, उलट्या आणि जुलाब होतात आणि अनेक पिल्ले दगावतात. हा रोग टाळण्यासाठी लस मिळते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लस सुरू करतात.

तुम्ही म्हणाल, “जुलाब तर आम्हालाही होतात. त्यात एवढे घाबरण्यासारखे काय आहे?” जरा विचार करा. तुमचे वजन तीस-चाळीस किलो असेल. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाचे वजन एक किलोही नसते. त्याच्या शरीरात पाणी ते किती असणार? जुलाबावाटे ते पाणी झपाट्याने निघून जाते. सकाळी खेळणारे पिल्लू रात्री मान टाकू शकते.

म्हणून पिल्लाकडे नीट लक्ष द्या. त्याच्या हिरड्यांना बोट लावून पाहा. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. खांद्यांच्या मधली कातडी हलकेच उचलून सोडा. ती चटकन जागेवर बसली पाहिजे. हिरड्या चिकट लागल्या किंवा कातडी सावकाश खाली बसली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजा.

पिल्लू दोन महिन्यांपेक्षा मोठे आहे, खेळत आहे, खात-पीत आहे, फक्त शौच पातळ आहे, असे असेल तर एक दिवस घरीच काळजी घ्या. त्याला उपाशी ठेवू नका. लहान पिल्लू उपाशी राहिले की त्याच्या रक्तातील साखर कमी होते आणि ते आणखी कमजोर होते. कोंबडीचे मांस नुसत्या पाण्यात उकडा. त्यात मीठ, हळद, तेल काही घालू नका. हाडे काढून बारीक तुकडे करा आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. पाणी जवळ ठेवा. पण तोंडात जबरदस्तीने ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पिल्लाला उबदार कापडावर निजवा.

पण उलट्या होत असतील, शौचात रक्त दिसत असेल, पिल्लू खात नसेल किंवा निपचित पडले असेल, तर उद्याची वाट पाहू नका. पिल्लू दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तरीही थांबू नका. अम्मी-अब्बांना सांगून त्याच दिवशी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तालुक्याच्या गावी शासकीय दवाखाना असतो. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १८८६ साली सुरू झाले. जाताना एका डबीत थोडे शौच न्या. ते तपासून डॉक्टरांना जंत कळतात. जुलाब केव्हा सुरू झाले, पिल्लाने काय खाल्ले, हे कागदावर लिहून न्या. पिल्लाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हालाच बोलायचे आहे.

एक गोष्ट कधीही करू नका. घरातील माणसांची औषधे पिल्लाला देऊ नका. ताप आल्यावर आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. ‘अर्धी गोळी देऊन पाहू’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

स्वच्छतेचेही भान ठेवा. घाण झालेली जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. फिनेल वापरू नका. मांजर पाय चाटते आणि पायाला लागलेले फिनेल त्याच्या पोटात जाते. मांजराच्या पोटातील काही जंत माणसालाही बाधतात. म्हणून साफसफाईनंतर साबणाने हात धुवा. पिल्लाने चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि घरात सांगून लगेच डॉक्टरांकडे जा.

मुलांनो, दुधाची बशी पुढे ठेवणारा हात प्रेमाचाच असतो. पण नुसत्या प्रेमाने पिल्लू जगत नाही. त्याला काय पचते, काय सोसते, हे समजून घेणे हेसुद्धा प्रेमच आहे.

शब्दार्थ
दगावणे – मरण पावणे
निपचित – हालचाल न करता
झपाट्याने – फार वेगाने
मान टाकणे – शक्ती जाऊन गळून पडणे
बाधणे – त्रास होणे
ठामपणे – निश्चयाने

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘हुरैरा’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) निरोगी पिल्लाच्या हिरड्या कशा असतात?
(इ) दवाखान्यात जाताना सोबत काय न्यावे?

२. कारणे लिहा.
(अ) पिल्लाला गाईचे दूध देऊ नये.
(आ) जुलाब झालेल्या पिल्लाला उपाशी ठेवू नये.
(इ) जागा धुताना फिनेल वापरू नये.

३. जुलाब, दवाखाना, कमजोर, जबरदस्ती, साफ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या मित्राने नुकतेच पिल्लू आणले आहे. त्याला पाच सूचना देणारे पत्र मराठीत लिहा.