वंशावळ शोधायला खर्च किती?

पांढुर्णा-सौसर भागात घराण्याचा माग काढायचा तर सरकारी फी फारशी लागत नाही. पैसा जातो तो हेलपाट्यांत. म्हणून पहिलं काम घरीच करा: थोरल्या आत्याला विचारा, ऋणपुस्तिका, विक्रीखतं, जुन्या लग्नपत्रिका बाहेर काढा. गाव, खसरा नंबर आणि तीन पिढ्यांची नावं हाती आली की निम्मं काम झालं. आजचा खसरा एमपी भूलेखवर फुकट बघता येतो.

मग महसुली दफ्तर. १९५४-५५चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीच्या बंदोबस्ताची मिसल मागा. नोंद साधारण अशी असते: ‘अमुक वल्द तमुक, कौम कुणबी, साकिन देह’. एका ओळीत बाप, जात आणि राहणं त्याच गावचं. बाई दिसते ती बहुधा ‘बेवा’ म्हणून, नवरा गेल्यावरच. हे फार खटकतं, पण तुटलेल्या दोन पिढ्या पुष्कळदा तीच नोंद जोडते, तेव्हा ती ओळ सोडू नका.

पांढुर्णा जिल्हा झाला २०२३ साली. त्याआधी कारभार छिंदवाड्याचा. तुमच्या गावाचं जुनं दफ्तर कुठल्या रेकॉर्ड रूममध्ये आहे ते आधी विचारा, मगच बस धरा. नकलेच्या फीची पावती घ्या. अर्ज अडकलाच तर माहिती अधिकार आहे: अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. शाळेचं दाखल-खारिज रजिस्टरही बघा; जन्मतारीख बहुधा तिथेच सापडते.

१९५६पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, म्हणून अनेक जण थेट तिथल्या अभिलेखागाराकडे धावतात. घरच्या नावांसाठी ती घाई करू नका. आधी गावचे कागद. रसेल यांचं १९०७चं छिंदवाडा गॅझेटियर इंटरनेटवर फुकट आहे, त्या काळचा मुलूख कळायला ते पुरे. कागद मोडी लिपीत निघाला तर वाचणाऱ्याशी पानामागे दर आधी ठरवा.

राहिले तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया, कुणी पूर्वज जिथे गेला असेल तिथल्या वहीत त्याचं नाव असू शकतं. आडनाव, जात, मूळ गाव सांगितलं की उपाध्याय वही काढतात. फी ठरलेली नसते. दक्षिणा वही उघडण्याआधी बोलून घ्या, पानाचा फोटो काढू द्याल का तेही विचारा. हरिद्वारच्या कित्येक वह्या फॅमिलीसर्चवर विनामूल्य आहेत. आणि प्रत्यक्ष गेलात तर नव्या पिढीची नोंद करून या, लेकी-सुनांच्या नावांसकट.