वेष्टन कोणाचे, कचरा कोणाचा?

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचा उगम मानला जातो. त्यामुळे येथे टाकलेले रिकामे पाकीट केवळ महाबळेश्वरचे राहत नाही. पावसाळ्यात ते वेण्णेतून माहुलीच्या संगमावर कृष्णेत आणि पुढे कराड, सांगलीकडे जाऊ शकते. सावित्रीच्या अंगाला पडले तर महाडकडे. ते उचलण्याचा भार मात्र मुख्यतः स्थानिक संस्थांवर, म्हणजे पर्यायाने करदात्यांवर पडत आला.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ग्रामीण भागही कक्षेत घेतला आणि वेष्टनांचे उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यावर ती परत गोळा करण्याचे दायित्व टाकले. फेब्रुवारी २०२२ मधील दुरुस्तीने या दायित्वाला आकडे दिले. संकलनाचे प्रमाण २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढील वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के ठरले. पुनर्चक्रणाची किमान अट निराळी आहे. स्ट्रॉबेरीच्या पारदर्शक डबीसारख्या टणक वेष्टनासाठी ती २०२४-२५ मध्ये ५० टक्के असून २०२७-२८ पासून ८० टक्के राहील. लवचीक वेष्टन, तसेच प्लास्टिकला ॲल्युमिनियम वा कागदाचा थर जोडलेले वेष्टन यांसाठी ती ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाईल.

येथे एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कंपनीचा हिशेब वजनाचा आहे, गावाचा नाही. नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन तो पूर्ण करता येतो. म्हणजे कागदावर शंभर टक्के पूर्ती होऊनही महाबळेश्वरच्या दरीतील पाकीट दरीतच राहू शकते! आपल्या हद्दीतील कचरा या हिशेबात आणणे हे स्थानिक संस्थेवरच अवलंबून आहे. व्यवस्था उभारताना उत्पादकांचे साहाय्य घ्यावे, असे २०१६ चे नियमच सांगतात. पण या तरतुदीकडे फारसे लक्ष जात नाही.

साहाय्य मागायचे तर हाती वजनाची नोंद हवी. रोजचे प्लास्टिक प्रकारवार वेगळे करून तोलले, तर प्रक्रियाकाराशी व उत्पादकांच्या संस्थांशी बोलणे शक्य होते. उष्ट्याने माखलेल्या प्लास्टिकला मात्र सहसा कोणी घेत नाही. म्हणून उपाहारगृहे, निवासगृहे व दुकानांतच सुका कचरा वेगळा ठेवला गेला पाहिजे. तसे करणे नियमांनुसार त्यांना बंधनकारकही आहे. या कामाची घडी पर्यटकांची गर्दी सुरू होण्यापूर्वी बसवलेली बरी.