जिम्नीला मोठे टायर चालतील का?

प्रश्न : माझी जिम्नी कंपनीतून आली तशीच आहे. सस्पेन्शन न उचलता २३५/७५ आर१५ टायर बसतील का?

उत्तर : चढतील, पण मी बसवणार नाही. मूळ १९५/८० आर१५ टायरची उंची साधारण ६९३ मिलिमीटर, तुम्ही म्हणता त्याची ७३३. सरळ रस्त्यावर काही जाणवणार नाही. पण खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं आणि त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की टायर बंपरच्या कडेला घासू शकतो. साडेपाच इंची रिमला ही रुंदीही जास्तच. एवढं करून जमिनीपासूनची उंची वाढते जेमतेम २० मिलिमीटर, कारण व्यासातली अर्धीच वाढ पदरात पडते! बदल्यात पिकअप मंदावतो, ब्रेकवर भार येतो आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८४-८५ने धावते.

२१५/७५ आर१५ घ्या, ऑल-टेरेन नक्षीचे. उंचीत फरक सेंटिमीटरभराचाच. पैसे देण्याआधी पुढचं एक चाक दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. स्टेपनीही त्याच मापाची हवी. वेगळ्या मापाचं चाक लावून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह वापरलंत, तर ट्रान्स्फर केसवर ताण येतो.