तबकडीचे घर निवडताना



माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. २००९ साली मी त्या ध्वनिमुद्रित करून एका हार्ड डिस्कवर साठवल्या. आई गेल्यानंतर एकदा ती डिस्क संगणकाला जोडली, तर आतून नुसतेच 'टक्... टक्...'! तबकडी फिरेचना. काळजात धस्स झाले. पण दोष डिस्कचा नव्हता, तारेचा होता. तो कसा, हे समजले की घरच्या फोटोंची व कागदपत्रांची जादा प्रत ठेवण्यासाठी डिस्कची पेटी कशी निवडावी, हेही तुम्हांला कळेल.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेली सुस्थितीतील डिस्क पेटीत बसवून बाहेरून वापरता येते. या पेटीला दुकानात 'एन्क्लोजर' किंवा 'केसिंग' म्हणतात. तिच्यात एक छोटे विद्युत-मंडल असते. डिस्कची भाषा 'साटा' आणि संगणकाच्या खाचेची 'यूएसबी'. हे मंडल म्हणजे दोघांमधला दुभाष्या!

प्रथम डिस्कचे माप पाहा. लॅपटॉपमधील डिस्क बहुधा २.५ इंची असते व ५ व्होल्टवर चालते. टेबलावरच्या संगणकातील ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात. साध्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टच मिळतात, म्हणून मोठ्या डिस्कच्या पेटीला वेगळा अ‍ॅडॉप्टर हवा.

आता तारेकडे वळू. ओहमचा नियम तुम्ही शिकलाच आहात: विभवांतर = प्रवाह × रोध. माझी तार लांब व बारीक होती. तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका रोध जास्त. समजा, तारेच्या जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.५ ओहम आहे. तबकडी स्थिर असताना तिला गती देण्यासाठी प्रवाह जास्त लागतो, तो ०.८ अँपिअर धरू. मग तारेतच ०.८ × ०.५ = ०.४ व्होल्ट खर्ची पडले! डिस्कपर्यंत पोहोचले ४.६ व्होल्ट. बहुतेक डिस्कना ५ व्होल्टमध्ये ५ टक्क्यांची घट, म्हणजे ४.७५ व्होल्टपर्यंतच चालते. बिचारी तबकडी फिरू पाही आणि थांबे. आखूड, जाड तार लावताच ती सुरळीत फिरू लागली. (डिस्क खरोखर बिघडली असतानाही असाच आवाज येतो, हे मात्र विसरू नका.)

तिसरी गोष्ट वेगाची. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून हे झाले ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मिळतात ३० ते ४०. २००८ च्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, म्हणजे दहापटीहून अधिक. पण फिरती डिस्क स्वतःच सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट देते. ५०० गिगाबाइटची प्रत करायला ३५ च्या वेगाने सुमारे ४ तास लागतील, १०० च्या वेगाने दीड तासाहून कमी. तेव्हा यूएसबी ३.० ची पेटी घ्यावी. त्याहून वेगवान व महाग पेटी अशा डिस्कसाठी घेणे म्हणजे बैलगाडीसाठी आठपदरी रस्ता बांधणे!

चौथी गोष्ट उष्णतेची. तासन् तास चाललेली डिस्क तापते. अ‍ॅल्युमिनियम हे प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी चांगले उष्णतावाहक आहे, म्हणून विशेषतः मोठ्या डिस्कसाठी धातूची पेटी बरी.

शेवटी एक सावधगिरी. काही पेट्या माहिती सांकेतिक लिपीत लिहितात. अशा पेटीचे मंडल जळाले, तर डिस्क शाबूत असूनही दुसऱ्या पेटीत वाचता येत नाही. घरगुती प्रतीसाठी साधी पेटीच उत्तम.

त्याच संध्याकाळी मी ओव्यांच्या आणखी दोन प्रती केल्या आणि त्यांतली एक बहिणीच्या घरी ठेवली. मित्रहो, पेटी कितीही चांगली असली तरी एकुलती एक प्रत म्हणजे सुरक्षितता नव्हे. आज घरी एवढेच करा: फक्त एकाच ठिकाणी असलेल्या, पुन्हा कधीही न मिळणाऱ्या गोष्टींची यादी लिहा. पेटीची निवड त्यानंतर!