कृष्णाकाठच्या गावांत पूर-स्वयंसेवकांचे शिक्षण

दि. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटली. तीत क्षमतेहून अधिक माणसे होती; अनेकांना जलसमाधी मिळाली. अशा प्रसंगी धैर्याची उणीव नसते. नाव भरली की हात आडवा करून ‘आता पुरे’ म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे गाव ऐकते असा माणूस काठावर उभा असावा लागतो. तो माणूस आयत्या वेळी निर्माण होत नाही.

त्याच महापुरात बेळगाव जिल्ह्यातील चिक्कोडी, अथणी व रायबाग तालुक्यांतील नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले होते. सरकारी पथक बोटी घेऊन पोहोचेपर्यंत काही तास जातात व तेवढा काळ गावाला स्वतःच निभावावे लागते. हे ध्यानी घेऊन राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 साली 30 पूरप्रवण जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ ही योजना प्रायोगिक स्वरूपात हाती घेतली. 2021 मध्ये तिचा विस्तार 350 जिल्ह्यांत करून एक लक्ष स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. शिक्षणक्रम बारा दिवसांचा असतो.

कृष्णेचा पूर बहुधा सांगून येतो. कोयनेच्या पाणलोटातील पाऊस, धरणातील विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील पातळी यांवर लक्ष ठेवल्यास खालच्या गावांना सावरण्यास अवधी मिळतो. या पुलाजवळ 40 फूट ही इशाऱ्याची व 45 फूट ही धोक्याची पातळी होय. 2019 मध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेले होते. मात्र पंचगंगा कृष्णेस सांगलीच्या खाली, नृसिंहवाडीस मिळते. म्हणून सीमेलगतच्या गावांनी केवळ सांगलीच्या आकड्यावर विसंबणे चुकीचे ठरेल. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळीही रोज टिपून घ्यावी. शाळेच्या भिंतीवर मागील पुराची रेघ रंगवून ठेवल्यास हे आकडे मुलांनाही समजतात.

पाणी येण्यापूर्वीचे मुख्य काम म्हणजे घरोघरची यादी. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी कोणत्या घरी आहेत आणि त्यांना उचलून नेण्यास कोण येणार, हे नावानिशी ठरलेले असावे. जनावरांचाही विचार तेवढ्याच आस्थेने करावा. दावणीला गुरे असताना शेतकरी घर सोडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. गुरे आधी उंचावर हलविली तर माणसे आपोआप निघतात.

बचावकार्यात पट्टीच्या पोहणाऱ्याला उडी घेण्याचा मोह होतो आणि नेमका तोच आवरण्यास शिकवावे लागते. बुडणारा मनुष्य वाचविणाऱ्याला घट्ट मिठी मारतो व दोघेही तळाशी जातात. प्रथम बांबू पुढे करावा, तो न पुरल्यास दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, त्यानंतर नाव. पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी, तेही शिकलेल्यानेच, तरंगते साधन सोबत घेऊन. गुऱ्हाळाच्या काहिलीतून पलीकडे जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. संथ पाण्यात ती चालते. धारेत काहिलीला दिशा देणे अवघड, तेव्हा तेथे तिचा भरवसा धरू नये.

बुडालेल्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची समजूत सोडून द्यावी. श्वास थांबला असल्यास आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी 30 दाब व 2 श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाबांची गती मिनिटाला 100 ते 120 असावी. हे वाचून जमत नाही. पुतळ्यावर हात बसवावा लागतो. सर्पदंशात पाते चालवू नये, करकचून दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

तालीम दरवर्षी मृग निघण्यापूर्वी घ्यावी आणि एकदा तरी रात्री, दिवे मालवून घ्यावी. त्याच सुमारास यादीही नव्याने करावी, कारण वर्षभरात कुणी कामासाठी शहरात गेलेले असते, कुणाकडे माहेरपणाला लेक आलेली असते, आणि गतवर्षी खांदा देण्यास तयार असलेला तरुण आता गावात नसतो.